जाफना, याळ्पाणम आणि याळ: एका शहराच्या नावाची व्युत्पत्ती

श्रीलंकेच्या उत्तर टोकावरील जाफना या शहराचे नाव खरोखरच एका वाद्यावरून पडले आहे काय, आणि राजाने एका अंध वादकाला ही भूमी बक्षीस दिल्याची जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती कितपत खरी मानावी, असा हा दुहेरी प्रश्न आहे. स्थलनामांचा अभ्यासक या नात्याने माझे मत आधीच सांगतो. नावाचा संगीताशी असलेला संबंध भाषिक पुराव्यावर टिकतो. अंध वादकाची कथा मात्र घडलेला इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे बहुतेक चर्चा भरकटते. कथा खोटी ठरली म्हणून व्युत्पत्ती कोसळते असे एक पक्ष मानतो आणि व्युत्पत्ती पटते म्हणून कथाही खरी असली पाहिजे असे दुसरा पक्ष मानतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

शहराचे तमिळ नाव याळ्प्पाणम असे आहे. मराठी लेखनाच्या सोयीसाठी येथे मी याळ्पाणम असे लिहितो. यातील ‘याळ’ हे प्राचीन तमिळ तंतुवाद्य, ‘पाणर’ हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा समाज, आणि शेवटचा ‘अम्’ हा तमिळ नामांना लागणारा प्रत्यय. ‘पाणर’ हा शब्दही संगीतातूनच आला आहे. तमिळमध्ये ‘पण्’ म्हणजे स्वररचना किंवा राग, ‘पाण्’ म्हणजे गाणे, आणि गाणारा तो ‘पाणन्’. त्याचे अनेकवचन ‘पाणर’. म्हणजे याळ वाजवणाऱ्या पाणरांचे स्थान असा या नावाचा सरळ अर्थ होतो, आणि त्याचे दोन्ही घटक, वाद्य आणि वादक, संगीताच्याच क्षेत्रातले आहेत.

हे नाव ‘जाफना’ कसे झाले हे समजण्यासाठी एका ध्वनीकडे लक्ष द्यावे लागते. ‘याळ’ मधला ळ आणि ‘तमिळ’ या शब्दातला शेवटचा ळ हे मूळ भाषेत एकच अक्षर आहे. जीभ मागे वळवून, टाळूला पूर्ण न टेकवता उच्चारला जाणारा हा ध्वनी आपण मराठीत ळ ने लिहितो, हिंदीत त्याचा ल होतो आणि रोमन लिपीत तो बहुधा दोन अक्षरे जोडून दाखवतात. हा ध्वनी नाजूक आहे. बोलीत तो सहज गळतो आणि परभाषेत गेल्यावर तर टिकतच नाही. खुद्द जाफन्याच्या बोलीत या शहराला ‘याप्पाणम’ म्हणतात, म्हणजे ळ गळून मागे केवळ जोड प उरतो. सिंहलीत हा ध्वनी नाही. तेथे नाव ‘यापनय’ असे आहे आणि जुन्या सिंहली वाङ्मयात ते ‘यापापटुन’ असे येते. पोर्तुगीजांनी ते ‘जाफनापटांव’ या धर्तीवर लिहिले, डचांनी ‘जाफनापट्टनम’ अशा रूपांत वापरले, आणि इंग्रजांच्या काळात शेपूट गळून ‘जाफना’ एवढेच उरले. डच भाषेत रोमन लिपीतले जे अक्षर ‘य’ असे उच्चारले जाते, तेच अक्षर इंग्रज ‘ज’ असे वाचतात, ही बारीक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. आरंभीचा य हा ज झाल्याचे आपल्याला आज जे वाटते, त्यात उच्चाराइतकाच वाचनाचाही वाटा आहे. इस्राएलच्या किनाऱ्यावरील जाफा या बंदराशी या नावाचा काहीही संबंध नाही. साम्य केवळ लिखित रूपातले आहे.

याळ या वाद्याची नीट कल्पना असल्याशिवाय नावाचे वजन कळत नाही. याळ म्हणजे आजची वीणा नव्हे. ते धनुष्याकृती वाद्य होते: खाली चामड्याने मढवलेला पोकळ भोपळा किंवा नौकेच्या आकाराचा लाकडी कोठा, त्यातून वर वळत गेलेली दांडी, आणि कोठ्यापासून दांडीपर्यंत ताणलेल्या तारा. प्रत्येक तार एकाच स्वराची असे. वीणेप्रमाणे एका तारेवर बोटे दाबून अनेक स्वर काढण्याची सोय याळमध्ये नव्हती. संघम काळातील, म्हणजे तमिळच्या सर्वांत जुन्या वाङ्मयीन कालखंडातील, ‘पोरुणराट्रुप्पडै’ या काव्याच्या आरंभीच याळचे तपशीलवार वर्णन येते. त्यात कोठ्याच्या आकाराला खुराच्या दुभंगलेल्या ठशाची उपमा दिलेली आहे. अशी धनुष्याकृती वाद्ये एके काळी साऱ्या भारतात होती. समुद्रगुप्ताच्या ज्या सुवर्णनाण्यांना आपण ‘वीणावादक’ प्रकारची नाणी म्हणतो, त्यांवर राजाच्या मांडीवरचे वाद्यही याच जातीचे आहे, आणि म्यानमारमध्ये ‘सौंग’ या नावाने या कुळातले वाद्य आजही वाजवले जाते. तमिळ परंपरेने याळचे अनेक प्रकार नोंदवले आहेत. ‘शिलप्पदिकारम’ या प्राचीन तमिळ महाकाव्याच्या जुन्या टीकेच्या आधाराने सांगितल्या जाणाऱ्या यादीत पेरियाळ २१ तारांची, मकरयाळ १९ तारांची, सकोडयाळ १४ तारांची आणि सेंगोट्टियाळ ७ तारांची आहे. मकरयाळच्या तारसंख्येबाबत पाठभेद आहेत. विसाव्या शतकात या विस्मृतीत गेलेल्या वाद्याचा सर्वांत कसून अभ्यास श्रीलंकेच्याच पूर्व किनाऱ्यावर जन्मलेल्या स्वामी विपुलानंद यांनी केला. त्यांचा ‘याळ नूल’ हा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. याळविषयी पुढे ज्यांनी ज्यांनी लिहिले त्यांना या ग्रंथाला वळसा घालून जाता आलेले नाही.

आता समासाकडे येऊ. ‘याळ्पाणम’ हा शब्द कोणीतरी नंतर ओढूनताणून बसवला आहे काय, हे तपासण्याचा एक मार्ग असा की ‘याळ’ आणि ‘पाणर’ यांचा असाच जोड तमिळमध्ये अन्यत्र, शहराशी काहीही संबंध नसताना, आढळतो काय ते पाहावे. तो आढळतो, आणि अगदी प्रतिष्ठित ठिकाणी आढळतो. शैव परंपरेतील ६३ नायन्मारांपैकी, म्हणजे तमिळ शैव संतांपैकी, एकाचे नाव तिरुनीलकंठ याळ्पाणर असे आहे. सातव्या शतकातील संत संबंदर यांच्या पदांना ते याळवर साथ करीत. त्यांच्याविषयी एक हृद्य आख्यायिका आहे. संबंदरांच्या गायनाची थोरवी याळमुळेच आहे असे याळ्पाणरांच्या नातलगांना वाटू लागले, तेव्हा याळ्पाणरांच्याच विनंतीवरून संबंदरांनी असे एक पद गायिले की जे तारांवर उतरेना. याळ्पाणर इतके व्यथित झाले की ते वाद्य फोडायला निघाले आणि संबंदरांनी त्यांना थांबवले. ते पद ‘याळमूरि’ म्हणून आजही ओळखले जाते. मला ही आख्यायिका वाद्याच्या इतिहासासाठीही महत्त्वाची वाटते, कारण ज्या वाद्यात एका तारेला एकच स्वर आहे त्यावर कंठातल्या गमका उतरवणे अवघड असते, आणि पुढे वीणेने याळला मागे सारले त्यामागे ही मर्यादाही असावी. व्युत्पत्तीच्या दृष्टीने यातला कळीचा मुद्दा एवढाच की ‘याळ्पाणर’ हा जिवंत, अर्थपूर्ण आणि आदराने वापरला जाणारा शब्द तमिळमध्ये कित्येक शतके आधीपासून होता. शहराच्या नावासाठी तो नव्याने घडवावा लागला नाही.

मग कथेचे काय? तिचा गाभा असा. चोळ देशातून एक अंध पाणन् लंकेत राजाकडे आला. काही पाठांत त्या राजाचे नाव उग्रसिंग असे येते, काहींत दुसरेच. त्याचे याळवादन ऐकून प्रसन्न झालेल्या राजाने त्याला उत्तरेकडील एक ओसाड, रेताड प्रदेश बक्षीस दिला. त्या प्रदेशाला ‘मणट्रिडल्’, म्हणजे वाळूचा उंचवटा, असे म्हणत. पाणन् मायदेशी परतला, आपल्यासारख्याच दरिद्री नातलगांना घेऊन पुन्हा तेथे आला, वस्ती केली आणि तिला याळ्पाणम हे नाव पडले. आजच्या शहरातील पासैयूर आणि गुरुनगर हे भाग म्हणजे ती पहिली वस्ती असेही परंपरा सांगते. ही कथा आपल्यापर्यंत मुख्यतः ‘याळ्पाण वैपवमालै’ या ग्रंथातून आली आहे. अठराव्या शतकात, डच अमदानीत, मयिलवाहन पुलवर यांनी तो लिहिला. आपल्याकडील बखरींप्रमाणेच त्यात वंशावळी, ऐकीव परंपरा, पुराणकथा आणि खरे प्रसंग एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि बखर वाचताना जी सावधगिरी आपण बाळगतो तीच येथेही बाळगायला हवी. हा ग्रंथ ज्या काळी लिहिला गेला त्या काळी याळ प्रत्यक्ष वाजवणारा वादक उरलेला नव्हता, ही गोष्टही दुर्लक्षून चालणार नाही.

कथेची घडण मात्र कोणत्याही एका लेखकाहून फार जुनी आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे. संघम वाङ्मयात ‘आट्रुप्पडै’ नावाचा एक काव्यप्रकार आहे. त्यात एखाद्या उदार राजाकडून भरभरून दान घेऊन परतणाऱ्या कलावंताला वाटेत दुसरा, भुकेने गांजलेला कलावंत भेटतो, आणि पहिला त्याला त्या राजाचा मार्ग सांगतो: कोणत्या रानातून जावे, कोणत्या गावी काय खायला मिळेल, राजाच्या दारी कसे स्वागत होईल. ‘पत्तुप्पाट्टु’ या दहा दीर्घकाव्यांच्या संग्रहात अशी अनेक काव्ये आहेत आणि त्यांपैकी दोन थेट पाणरांना उद्देशून आहेत: ‘पेरुम्पाणाट्रुप्पडै’ आणि ‘सिरुपाणाट्रुप्पडै’. पहिल्यातील पाणर मोठी याळ वाजवणारे, दुसऱ्यातील लहान याळ वाजवणारे, असे परंपरा या नावांचे स्पष्टीकरण देते. पहिल्याचा नायक कांचीचा तोंडैमान इळंतिरैयन् आहे आणि दुसऱ्याचा नल्लियक्कोडन्. गायकांना गावेच्या गावे देऊन टाकणारा दाता हीसुद्धा याच वाङ्मयातली ओळखीची मूर्ती आहे. परंबु डोंगराचा अधिपती पारी याने आपली तीनशे गावे याचकांना आधीच देऊन टाकली आहेत, असे कपिलर या कवीने म्हटले आहे. आता याळ्पाणमची कथा या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहावी. गरीब पाणन्, उदार राजा, भूमीचे दान, आणि दान मिळाल्यावर आपल्या उपाशी बांधवांना तेथे घेऊन येणे: हा शब्दशः आट्रुप्पडैचा साचा आहे. फरक एवढाच की तेथे पाणन् दुसऱ्याला मार्ग दाखवून थांबतो आणि येथे तो स्वतःच त्यांना घेऊन येतो.

याचा अर्थ कथा रचणाऱ्यांनी शहराचे नाव घेतले, त्यातला ‘याळ्पाणर’ हा शब्द ओळखला, आणि तमिळ वाङ्मयाने पाणरांविषयी जे शिकवले होते त्याच साच्यात नावाची उपपत्ती बसवली. यात कोणाची फसवणूक नाही; स्थलनामांभोवती कथा अशाच जमतात आणि त्या समाजाच्या वाङ्मयीन स्मृतीचा तो अस्सल ठेवा असतो. पण अशी कथा नावानंतर जन्मलेली असते, म्हणून ती नावाचे कारण म्हणून पुढे करता येत नाही. वादक अंध असणे, भूमी ओसाड असणे आणि राजाचे नाव पाठागणिक बदलणे, या तिन्ही खुणा लोककथेच्या आहेत.

इतिहासाकडे वळले तर पहिली ठळक गोष्ट अशी की हे नाव फार प्राचीन नाही. या द्वीपकल्पाचा जुना उल्लेख नागद्वीप असा आहे. वल्लिपुरम येथे मिळालेल्या, वसभ राजाच्या काळातील सुवर्णपत्रावर ‘नाकदिव’ हे रूप आढळते आणि ते साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले मानले जाते. याळ्पाणम हे नाव मात्र पंधराव्या शतकात स्पष्टपणे समोर येते. विजयनगर काळातील एका शिलालेखात ‘याळ्पाणायन् पट्टिनम’ असे रूप आहे, आणि त्याच शतकातील संतकवी अरुणगिरिनाथर यांच्या ‘तिरुप्पुगळ’ मधील एका पदात हेच रूप मुरुगन (कार्तिकेय) देवाच्या वास्तव्याचे ठिकाण म्हणून येते. ‘पट्टिनम’ म्हणजे समुद्रकाठचे बंदर. आपल्या ‘पट्टण’ चा हा सख्खा सोयरा आहे. या रूपातील ‘आयन्’ हा शेवट मला विशेष बोलका वाटतो, कारण तमिळमध्ये ‘अन्’ ने संपणारे असे रूप सामान्यतः पुरुषवाचक असते. म्हणजे ‘याळ्पाणायन् पट्टिनम’ याचा अर्थ ‘याळ्पाणायन् नावाच्या किंवा उपाधीच्या माणसाचे बंदर’ असा लावता येतो. तो माणूस वादक होता, वादकांच्या कुळातला अधिकारी होता की व्यापारी, हे नावावरून ठरत नाही. पण एका व्यक्तीशी जोडलेले बंदर ही कल्पना कथेतल्या अंध पाणनापेक्षा पुराव्याच्या अधिक जवळ आहे.

या व्युत्पत्तीला एक गंभीर प्रतिपक्ष आहे. सिंहली रूप ‘यापापटुन’ हेही पंधराव्या शतकातीलच आहे; सिंहली कोट्टे राज्याच्या सपुमल राजपुत्राच्या उत्तरेकडील विजयाच्या काळात रचलेल्या ‘कोकिल संदेश’ या सिंहली काव्यात ते येते. श्रीलंकेतील थोर पुरालेखविद सेनारत परणवितान यांनी हे नाव ‘जावकपट्टण’ या रूपापर्यंत मागे नेले. जावक म्हणजे मलय प्रदेशातील लोक. १२४७ साली मलय द्वीपकल्पातील तांब्रलिंग राज्याच्या चंद्रभानूने लंकेवर स्वारी केली आणि पुढे उत्तर लंकेत जावकांचे काही काळ वर्चस्व राहिले, हे ऐतिहासिक सत्य आहे. जाफन्याच्या पूर्वेला ‘चावकच्चेरी’ नावाचे गाव आजही आहे आणि त्या नावात जावकांची आठवण टिकून आहे हे सर्वमान्य आहे. या मतानुसार ‘याळ्पाणम’ हे तमिळ रूप म्हणजे परक्या नावाला आपल्या भाषेत अर्थ देण्याचा प्रयत्न, अर्थात लोकव्युत्पत्ती.

हे मत मी हलके लेखत नाही, परंतु ते मला पटत नाही. चावकच्चेरी हे नाव या मताच्या बाजूने पुढे केले जाते, पण प्रत्यक्षात ते विरुद्ध साक्ष देते. त्याच द्वीपकल्पात, त्याच तमिळभाषकांच्या तोंडी ‘जावक’ चा ‘चावक’ झाला. मग काही कोसांवर त्याच शब्दाचा ‘याप’ किंवा ‘याळ्पा’ का व्हावा? सिंहलीच्या वाटेने तो झाला असे म्हणावे, तर सिंहलीत जुन्या ज चा नेहमीचा वारसदार द आहे; संस्कृत ‘राज’ चे ‘रद’ आणि ‘जन’ चे ‘दन’ झाले. याखेरीज ध्वनिबदलाची दिशाही पाहावी लागते. ‘याळ्प्पाणम’ मधून अवघड ळ गळून ‘याप्पाणम’ होणे, आणि तेथून सिंहलीत ‘यापा’ होणे, ही उतरणीची वाट आहे आणि बोलीत आजही ती डोळ्यांसमोर घडते. उलट दिशेने जायचे तर कोणीतरी विद्वानाने नसलेला ध्वनी मुद्दाम घालावा लागतो, आणि तो इतका यशस्वी व्हावा लागतो की पंधराव्या शतकातच शिलालेखात आणि भक्तिपदात, दोन्ही ठिकाणी, तेच रूप रुजलेले दिसावे. असे घडणे अशक्य नाही. लोकव्युत्पत्तीने याहून मोठे चमत्कार केले आहेत. पण दोन वाटांपैकी एक निवडायची असेल तर मी पहिलीच निवडीन.

आजचे शहर आणि हे नाव यांची गाठ पक्की केव्हा पडली, हेही थोडक्यात सांगायला हवे. जाफन्यावर राज्य करणाऱ्या आर्यचक्रवर्ती राजांची राजधानी नल्लूर येथे होती, जे आज शहराचाच भाग आहे. १६१९ साली पोर्तुगीजांनी दुसऱ्या संकिलीचे राज्य जिंकले, आणि त्यानंतर सत्तेचे केंद्र नल्लूरहून समुद्राकाठी, किल्ल्याच्या परिसरात सरकले. बंदराचे आणि प्रदेशाचे नाव अशा रीतीने राजधानीचेही झाले. १६५८ मध्ये डच आले, पुढे इंग्रज आले, आणि कागदोपत्री ‘जाफना’ स्थिर झाले. तमिळ तोंडी मात्र याळ्पाणम कधीच सुटले नाही.

वाद्य नाहीसे झाले तरी त्याचा शब्द शहराच्या संक्षिप्त नावात शिल्लक आहे. श्रीलंकेतील तमिळ लोक जाफन्याला नुसते ‘याळ’ असेही म्हणतात, आणि कोलंबोहून उत्तरेकडे जाणाऱ्या, १९५६ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध आगगाडीचे नाव ‘याळ देवी’ आहे. तविल या दक्षिणी ढोलाचे थोर वादक याळ्पाणम दक्षिणामूर्ती यांनी तर शहराचेच नाव आपल्या नावाआधी धारण केले. येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआ हे शहरही ‘गाणाऱ्या माशांचे’ म्हणून संगीताशी जोडले जाते, कारण तेथील खाजणातून रात्री ऐकू येणारा नाद विख्यात आहे. पण त्या शहराच्या ‘मट्टक्कळप्पु’ या तमिळ नावातला ‘कळप्पु’ म्हणजे खाजण. नावात संगीत नाही, ते केवळ बिरुदात आहे. जाफन्याच्या बाबतीत संगीत नावातच आहे, आणि हा भेद पुसून दोन्ही शहरांना एकाच मापाने मोजू नये.

मराठीत लिहिताना ‘जाफना’ हे रूप रूढ आहे आणि ते बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. मात्र जेथे इतिहासाची किंवा संगीताची चर्चा असेल तेथे ‘याळ्पाणम’ हे रूप एकदा तरी द्यावे, आणि ते ळ घालूनच द्यावे, कारण साऱ्या व्युत्पत्तीचा भार त्या एका अक्षरावर आहे. माझे वरील मत ज्या पुराव्याने बदलेल तोही सांगून ठेवतो. तेराव्या किंवा चौदाव्या शतकातला एखादा लेख मिळाला आणि त्यात याच बंदराचे नाव ळ नसलेल्या, जावकांशी निःसंशय जोडता येणाऱ्या रूपात आढळले, तर परणवितान यांची बाजू वरचढ ठरेल आणि याळ हा नंतरचा संस्कार मानावा लागेल. त्याच काळातल्या लेखात ‘याळ्पाणायन्’ हे एखाद्या माणसाचे नाव म्हणून मिळाले, तर कथेतल्या अंध वादकाऐवजी त्या माणसाचा शोध घेणे हे पुढच्या अभ्यासकाचे पहिले काम असेल.